खिळा ठोकून दाखवा

"शनवार बरा पाळायला जमतो ह्याला," नणंद धोंडुबाई सरूच्या कानाशी पुटपुटली. "लोकांची पोरं जळूंदे."

तेवढ्यात सरूच्या नवऱ्याने, हैबतरावांनी एलियाहचं डोकं शटरवर आपटलं. पत्रा खणखणला. चष्मा खाली पडला, तो धोंडुबाईच्या थोरल्या लेकाच्या बुटाखाली गेला. मुद्दाम नव्हे, घाईत.

निडीच्या ह्या शेडमध्ये हैबतराव गाड्यांच्या बॅटऱ्या बांधत. लिथियमपेक्षा सोडियमचा सेल स्वस्त, शिवाय थंड डोक्याचा. पाटीवर 'मिठाची बॅटरी' लिहिलं तेव्हा सरूलाच जास्त हसू आलं होतं. तिचं माहेर पेणकडचं, मिठागरातलं. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर सेलमध्ये खिळा ठोकायचा. धूर नाही, जाळ नाही. त्यासाठी लागणारे सेल कारागीर एलियाह आधी पार रिकामे करून ठेवी.

काल शनिवार. एलियाह शब्बाथ पाळून, कामाला हात न लावता घरी होता. गावात ज्यूंचं तेवढं एकच घर उरलेलं, बाकीचे कधीच इस्रायलला गेले. रोह्याहून गिऱ्हाईक आलं. सरूच्या लेकाने, सुशीलने खिळा टेकवला, हातोडा मारला आणि सेल त्याच्या तोंडावरच फुटला. पनवेलच्या डॉक्टरांनी डावा डोळा गेल्याचं सांगितलं. उजव्याचं काही बोलले नाहीत.

"बोल! भरलेला सेल कशाला ठेवलास?" हैबतरावांनी लाथ घातली.

"मिठाचा नव्हता तो, दादा. कोपऱ्यातल्या खोक्यातला, लिथियमचा. शुक्रवारीच सांगून गेलो, त्याला हात लावू नका."

"कुणाला सांगितलंस?"

एलियाहने रक्त थुंकलं.

"बघितलंत? नाव नाय निघत तोंडातून!" हैबतराव सगळ्यांकडे वळले. कुणी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. "हात धरा रे ह्याचा. ज्या हातानं बांधतो तोच."

भाच्यांनी एलियाहचा उजवा पंजा टेबलावर दाबला. थोरल्याने मोठा पाना उचलून मारला. करंगळी वाकडी झाली. धोंडुबाईने पदर तोंडात कोंबला.

पाना पुन्हा वर गेला, तेव्हा सरूने पुढे होऊन स्वतःचा हात एलियाहच्या पंजावर ठेवला.

"बाजूला हो गो," हैबतराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

"तुमालाच सांगितलं त्यानं. मी हितंच उभी व्हते." ती नवऱ्याकडे न बघता बोलली. "काल रिकामे सेल संपले व्हते, गिऱ्हाईक खोळंबलेलं. खोकं फोडून सुशीलच्या हातात सेल तुमी दिलात."