बायकोच्या दंडावरची साखर

क्रेनवाल्याची साखर बायकोच्या दंडावर गेली, असं सांगितलं की ऐकणारा आधी विचारतो, "मुद्दाम?" मुद्दाम नव्हे, सवयीने. तीस वर्षं त्याची प्रत्येक गोष्ट आधी ती तपासून बघायची. चहा किती गरम, खोकल्याचं औषध किती कडू, नवा बूट कुठे चावतो, सगळं आधी ती, मग तो.

त्याला मधुमेह होऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात क्रेनच्या शिडीवर घेरी आली आणि साहेबांनी त्याला खाली उतरवलं. तेव्हापासून तो गोदामात हातमोजे वाटत होता. डॉक्टर म्हणाले, "हा सेन्सर दंडाला लावा. चौदा दिवस साखर मोजेल, आकडे फोनवर दिसतील. आटोक्यात राहिली तर चढायची चिठ्ठी देतो." त्या चिठ्ठीसाठी तो काहीही करायला तयार होता.

घरी बायकोने डबी उघडली. "दुखतंय का बघते," म्हणाली आणि स्वतःच्या दंडावर टेकवून दाबली. खट्!

"नाही हो, मुळीच दुखत नाही."

"अगं, पण आता काढ!"

काढला की वाया, असं डबीवर ठळक छापलं होतं. दुसरा मागायचा तर डॉक्टरांना सांगायचं काय? बायकोने चाखून पाहिला?

"मी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "माझे आकडे छानच येणार. तुम्ही आपल्या गोळ्या घ्या, चौदा दिवस गप्प बसा आणि चढा."

त्याला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी मुलीचा फोन आला. ती परगावी राहायची, पण आकडे तिच्याही फोनवर जात.

"बाबा, दोनशे सत्तर? काय खाल्लंत?"

"उकडलेली भाजी. शपथ."

"थापा नकोत. जामची बरणी आईकडे द्या बघू."

बरणी आईकडेच होती, चमच्यासकट. क्रेनवाल्याने दोन्ही हात आडवे पसरले. साइटवर या खुणेला पाच टनांचा गर्डर जागच्या जागी थांबतो. बायको आणखी एक चमचा खाऊन थांबली.

जाम बंद झाला, तरी सकाळी उपाशीपोटी एकशे साठ. आता तो घाबरला. संध्याकाळी तिला मैदानावर नेऊन स्वतः बाकावर बसायचा आणि ओरडायचा, "उचल पाय! माझी साखर उतरत नाहीये!"

"स्वतः उठा की!" ती धापा टाकत म्हणायची.

"मी उठून आकडा हलतो का?"

शेजारचा शिंपी थांबून बघायचा. "काय माणूस आहे! आजार याचा, आणि पळवतोय बायकोला."

आठव्या दिवसापासून आकडे खाली येऊ लागले. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी आलेख पाहिला. "पहिला आठवडा वाईट, पण नंतर चांगलं सावरलंत. चालता वाटतं?"

"चालणं झालं," क्रेनवाला म्हणाला.

डॉक्टरांनी पेन काढलं. बायको शेजारच्या खुर्चीवर पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून बसली होती. तिने त्याला डोळ्यांनी दटावलं. सही अर्धी झाली होती.

"डॉक्टर, थांबा. हे रक्त हिचं आहे."

मग डॉक्टरांनी बायकोला बाही वर करायला लावली, दंडावरचा सेन्सर पाहिला, पुन्हा आलेख पाहिला. "आणि यांनाही मधुमेह आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं?"

"मला काही झालेलं नाही," बायको म्हणाली.

रक्त तपासलं. झालं होतं. तिला गोळ्या लिहून मिळाल्या, त्याची चिठ्ठी फाटली, आणि एक नवा सेन्सर मिळाला. तो परिचारिकेने स्वतः, दार लावून, त्याच्याच दंडावर लावला.

रस्त्यात बायको फणफणली. "दोन मिनिटं तोंड मिटून बसला असतात तर उद्या कामावर असतात. आता परत हातमोजे वाटा!"

"वाटतो."

"माझं मी बघितलं असतं."

"काय बघणार होतीस? मी वर असताना तू घरात पडलीस, तर निरोप येईल, मी शिडी उतरेन. शिडीलाच वीस मिनिटं लागतात."

"आणि लिफ्ट?"

"ती आठवडाभर बंद आहे."

पुढच्या वळणावर घराकडे न वळता बायको मैदानाकडे निघाली, आणि या वेळी त्याला बाकावर बसू दिलं नाही.