आधी बाया

एकोणऐंशीच्या पुरात आम्ही दहा जण शाळेच्या गच्चीवर अडकलो होतो. वर्ध्याहून साहेब डोंगा घेऊन आले. त्यात एकाचीच जागा उरली होती.

“आधी बाया!” साहेब ओरडले.

गच्चीवर धुरपता ही एकच बाई होती. ती नवऱ्याकडे, कवडूकडे, बोट दाखवून म्हणाली, “मले पोहता येते, साहेब. यायले न्या. पाय मोडला हाये यायचा.”

“माणसं थांबतील. नियम आहे.”

पाणी पायरी पायरी चढत होतं. धुरपतानं बोचक्यातलं लुगडं काढून कवडूला गुंडाळलं आणि पदर त्याच्या मिशांवर ओढला.

“घ्या, ही बाई.”

साहेबांनी पदराबाहेर डोकावणाऱ्या मिशा नीट पाहिल्या, वहीत ‘स्त्री, एक’ लिहिलं आणि कवडूला हात दिला.

डोंगा निघाल्यावर सरपंच धुरपताजवळ सरकले. “वहिनी, आणखी एखांदं लुगडं हाये काय?”