जीपसाठी घातलेला मांडव

सावळेराम कोरोनात गेला. माती सरकारी माणसांनीच उरकली. दहाव्याला घाटावर पोरगा ऋषी, न्हावी आणि कावळा, एवढीच गर्दी. भाषण एकही नाही. आपल्याकडं दहाव्याला कोणी माइक धरला नाही, तर माणूस नीट मेलाय असं वाटतच नाही. त्याच्या बायकोला, गोजरबाईला, तेच सलत होतं.

परवा ऋषीनं बापाची काळी जीप विकायला काढली. फोटोसाठी मंचरहून फोटोग्राफर सूरज आला.

"काळ्या रंगात ऊन, इजेच्या तारा, गोठा, समदं आरशागत उमटतं राव," तो म्हणाला.

महाळुंग्याच्या मांडववाल्याकडनं पांढरं कापड आणून त्यानं जीपच्या वर आणि तिन्ही बाजूंनी बांधलं. फोटोचे दिवे कापडाबाहेर ठेवले. उजेड गाळून आत यायला लागला, तशी जीप तूप चोपडल्यागत दिसू लागली. बघायला जमलेले लोक गप्पच झाले.

तेवढ्यात रस्त्यानं पुढारी सुभाषभाऊ निघालेले. निवडणूक तोंडावर, दिवसाला तीन दहावे करणारा माणूस. पांढरा मांडव, गप्प लोक बघून उतरले, चपला काढल्या, जीपला हात जोडले. गोजरबाईला हळूच म्हणाले, "नाव काय म्हणायचं?"

"सावळेराम."

"कैलासवासी सावळेरामभाऊ म्हणजे निर्व्यसनी माणूस," भाऊंनी सुरू केलं. मागं दोघं खोकले.

ऋषी आईच्या कानाशी आला. "आये, थांबव की. गाडीला श्रद्धांजली वाहत्यात ते."

"वाहू दे. खाली बस."

लोकही बसले.

"मावशी, फोटू?" सूरजनं विचारलं.

"उद्या."

भाऊंनी धरणाचं पाणी, कांद्याचा भाव, सगळं घेतलं. तालुक्याची कधी न भरून येणारी हानी करून ते कळंबच्या दहाव्याला निघाले. गोजरबाई आडवी आली.

"भाऊ, ह्यांनी जल्मभर गाडी चालवली. तेवढं बोलायचं राह्यलं."

"वर्षश्राद्धाला नक्की बोलतो," म्हणून भाऊ गेले.

ती लोकांकडं बघत राहिली. कोणी मान वर करेना. मग बहिरू उठला. ग्रामसभेतही तोंड न उघडणारा माणूस.

"आमची सोनल ह्याच जीपमधी झाली. दवाखान्यात नेताना, वारूळवाडीच्या अलीकडं." त्यानं टोपी काढली. "सीट सावळ्यानंच धुतलं. मला हात लावू दिला न्हाई."

टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.

गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. ऋषीनं सूरजला दिवे बंद करायची खूण केली.

"ऱ्हाऊ दे रं," पदराआडनं ती म्हणाली. "आजून कुनाला बोलायचं आसंल, तर गाडी दिसू दे त्यांना."