तारेची गाठ

पहिला फटका मी धाकट्या भावाच्या पाठीत घातला, दुसरा हातावर. मांडवाचाच बांबू उपसला होता. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

आईनं जाताना भोपळ्याच्या तीन बिया ठेवल्या होत्या. तिच्या आईकडून आलेलं वाण. दोन कुजल्या, एक उगवली. परसात बांबूंचा मांडव घालून आम्ही वेल चढवला. एकच फळ धरलं. ते पिकलं तर पुन्हा बी मिळणार, नाहीतर आईचं वाण संपलं. धाकट्यानं आईच्या जुन्या साडीची झोळी बांधून फळाला आधार दिला. वेल बांधायचं काम माझं. मी वायरमन, चिंध्यांच्या गाठींवर आपला विश्वास नाही. बुंध्यापाशी तांब्याची तार पिळून घट्ट आवळली.

"दादा, वेल जाड होत जातो. ढिली ठेव," तो दोनदा म्हणाला.

"तू मला गाठ शिकवणार?"

काल आमचं वाजलं. मांडवामुळे त्याच्या खोलीत अंधार होतो म्हणे. "एक दिवस उपटून फेकतो," तो तावातावानं बोलून गेला. आज सकाळी बघतो तर अख्खा वेल माना टाकून पडलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कापलास ना?" मी त्याला दंडाला धरून परसात ओढलं.

"तार बघ, दादा! तार!"

मी तोंडावर ठेवून दिली. ओठ फुटला. त्यानं बादली फेकून मारली; माझ्या कपाळातून रक्त आलं. मग मी बांबूला हात घातला. तिसरा फटका त्याच्या डोक्यासाठीच होता. तो खाली बसला, फटका झोळीवर बसला आणि भोपळा फरशीवर आपटून फुटला.

बिया पांढऱ्या, पोचट. एकही भरलेली नव्हती.

तेव्हा कुठे मी तार बघितली. वेलात पार रुतली होती. सोडवायला गेलो तर वेल तिथूनच तुटून हातात आला.

मी झोळी सोडली. ती साडी त्याच्या गळ्यात बांधून मोडका हात अलगद आत ठेवला.

"घट्ट होतेय?"

"हो," तो दात आवळून म्हणाला. "ढिली कर."

मी ढिली केली.