वरच्या दांडीवरची लाल खूण

मी एक जुनी फ्रेम आहे, मित्रांनो. फोटोची नव्हे, सायकलची. ‘जुनी’ म्हणवून घेण्याचा मला अधिकार आहे की नाही, कोण जाणे. रस्त्यावर मी जेमतेम महिनाभर धावले आणि तेव्हापासून हर्णे गावातल्या एका घराच्या पडवीत खुंटीला टांगलेली आहे. एवढ्याशा आयुष्याची कथा सांगावी का, याचा मी पुष्कळ विचार केला. पण माझ्या मनात एक राग आहे, आणि तो काही केल्या विरत नाही. म्हणून सांगते. रागाच्या भरात कोणावर अन्याय झाला, तर तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. कार्बनच्या तंतूंचं काळं कापड साच्यात थरावर थर लावून, डिंकासारख्या रसायनाने चिकटवून, भट्टीत भाजून मला घडवलं. माझं वजन इतकं कमी, की एका बोटावर तोलता यावं. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेमांवर त्यांची नावं झळकतात. माझ्यावर काहीच नव्हतं. नुसता काळा रंग.

मला मागवलं ते दिशाने. ती दापोलीला औषधांच्या दुकानात कामाला आहे. हर्णे ते दापोली हा चढउताराचा रस्ता ती रोज जुन्या लोखंडी सायकलवरून जात असे. शर्यतीची सायकल घ्यायची तिची फार इच्छा होती. पण तयार सायकल परवडेना. मग तिने मला मागवलं आणि गिअर, चाकं, हँडल असं एकेक जमवत गेली. काही नवं, काही कोणी वापरून सोडलेलं.

मी खोक्यातून बाहेर आले, त्या दिवशी तिचा चुलत भाऊ सर्वेश समोरच उभा होता. त्याचं बंदरावर मोबाइलच्या कव्हरांचं आणि स्टिकरचं दुकान. मला बघताच तो म्हणाला, “चायनीज? अगो, ही पयल्या खड्ड्यात दोन तुकडे होईल. चायनीज माल तो!”

मित्रांनो, हे बोलताना त्याच्या हातात जो फोन होता, तो माझ्याच मुलखातून आला होता. दुकानातली सगळी कव्हरंही तिकडचीच. माझ्याशी दोन शब्द बोलण्याआधीच त्याने माझी किंमत करून टाकली. तो माझा पहिला राग.

दिशाने मात्र मला मन लावून जोडलं. ब्रेकची तार माझ्या पोकळ नळीच्या आतून जावी लागते. ती काही केल्या पलीकडे निघेना. दिशा रडकुंडीला आली. शेवटी तिची आई बकुळा जाळं शिवता शिवता उठली आणि जाळ्याचा ताठ नायलॉनचा दोरा घेऊन आली. “आधी हा घाल, मग तार त्याला बांध नि ओढ. एवढं शिकलीस नि एवढं कळत नाय?” दोरा सरसर पलीकडे निघाला. तिचे वडील आत्माराम, ज्यांना ती आबा म्हणते, तेही मदतीला आले. त्यांचा जन्म बोटीवर गेलेला. त्यांनी पाना हातात घेतला आणि सगळा जोर लावला.

“आबा, नको! हा बोटीचा बोल्ट नाय. जास्त आवळलं तर चिरडेल ती.”

“एवढी नाजूक?”

“नाजूक नाय. ओढून बघा, ताणून बघा, कायसुद्धा होणार नाय हिला. फक्त चिमटा नि ठोका सोसत नाय.”

आबांनी मान हलवली. पण त्यांना ते नीट उमगलं नव्हतं, असं आता वाटतं.

आता आबांविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हर्ण्यात नवी बोट पाण्यात उतरवण्याआधी तिच्या पुढच्या टोकावर नारळ फोडतात. त्यांच्या आळीत तो मान वर्षानुवर्षं आबांचा होता. पण एके वर्षी त्यांनी नारळ फोडलेल्या बोटीचं इंजिन पहिल्याच फेरीत बंद पडलं. इंजिन आधीच खराब होतं. पण बंदरावर कोणीतरी बोललं, “आत्मारामच्या हाताला यश नाय.” झालं! दुसऱ्या वर्षीपासून त्यांना कोणी बोलावलंच नाही. नारळ फुटल्याचा आवाज आला, की आबा घरात जाऊन बसत. मला त्या बोलणाऱ्या माणसाचं नाव ठाऊक नाही. ठाऊक असतं, तर इथे सांगितलं असतं.

म्हणून मी महिनाभर धावल्यावर दसरा आला, तेव्हा दिशा म्हणाली, “आबा, माझ्या सायकलची पूजा तुम्हीच करायची. नारळ तुमच्याच हातचा.”

आबा नवं धोतर नेसून आले. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. शेजारीपाजारी जमले होते. आबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले, देवाला गाऱ्हाणं घातलं. आणि बोटीच्या टोकावर मारतात तसा तो माझ्या वरच्या दांडीवर मारला.

नारळ एका घावात फुटला. पाणी उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “वा, आत्माराम! एक घाव नि दोन भकलं!” कोणीतरी ओरडलं. आबांचा चेहरा असा उजळला, की किती दिवसांत तो तसा दिसला नसेल. त्या गलक्यात माझ्या अंगातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. तो फक्त दिशाने ऐकला.

संध्याकाळी तिने त्या जागी अंगठा दाबला. दांडी आत दबली आणि टिकटिक वाजली. वरून केसाएवढी रेघ. आत मात्र थर सुटले होते. मला ते जाणवत होतं, आणि तिलाही कळलं होतं. तिने खूप वाचलं होतं माझ्यासारख्यांबद्दल. अशी फ्रेम हळूहळू वाकत नाही, सूचना देत नाही. एखाद्या उतारावर ती एकदम तुटते.

त्याच रविवारी दापोलीहून हर्ण्यापर्यंत शर्यत होती आणि दिशाने तिच्यात नाव दिलं होतं. वाटेत आसूदचा उतार होता.

दिशाने हे फक्त सर्वेशला सांगितलं. “आबांना कळलं ना, तर ते परत कधी नारळाला हात लावायचे नायत. मी शर्यतीला नाय गेले, तर विचारतील का म्हणून. एका दिवसाचा प्रश्न आहे. चालेल ना रे?”

“चालेल गो,” सर्वेश म्हणाला. “मी झकास स्टिकर लावतो वरनं. चीर झाकेल नि चायनीज पण कोणी बोलणार नाय.”

आणि त्याने एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नावाचा लांबलचक स्टिकर कापून माझ्या जखमेवर चिकटवला.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं असेल? मी निनावी होते, पण खोटी नव्हते. मला दुसऱ्याचं नाव चिकटवलं, आणि तेही कशावर? ज्या ठिकाणी मोडले होते, नेमकं तिथे. दिशाचा राग करावा, तर ती हे मायेपोटी करत होती. पण ही कसली माया? वडिलांचा एक आनंद राखायला पोरीने आपला जीव माझ्यावर टाकायचा, आणि मी मुकाट्याने तिला घेऊन त्या उतारावर जायचं! मला वाचा असती, तर मी आळी जागी केली असती. पण मी एक वस्तू. माझ्या रागाला आवाज नाही.

रविवारी सकाळी दिशा पाण्याच्या बाटल्या भरत होती. आबा ओलं फडकं घेऊन मला पुसायला बसले. पुसता पुसता थांबले.

“दिशा, हे नाव कोणाचं गो?”

“कंपनीचं, आबा.”

“त्या कंपनीनं बनवली हिला?”

दिशाने बाटलीचं झाकण पुन्हा आवळलं.

“अगो, आपल्या बोटीवर दुसऱ्याच्या बोटीचं नाव कोण लिहितं काय? चोरीची वाटेल लोकांना.” त्यांनी नखाने स्टिकरची कड उचलली.

“आबा, राहू दे!”

पण स्टिकर निघाला होता. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग अंगठा दाबला. टिक.

“हे कशानं?”

आबांनी दारातल्या तुळशीकडे पाहिलं. दसऱ्याच्या नारळाचं सुकलेलं भकल अजून तिथेच पडलं होतं.

“माझ्या नारळानं,” ते म्हणाले. “नि तू हिच्यावर बसून आसूद उतरणार होतीस?”

“लोक पुन्हा तेच बोलतील, आबा. हाताला यश नाय म्हणून.”

“बोलू देत!” आबा असे ओरडले, की बकुळा धावत बाहेर आली. “एवढी वर्षं ऐकतोय, मेलो काय मी? उद्या तुला झोळीत घालून आणली असती, तर ते ऐकायला मी कुठले कान आणणार होतो? सांगायचंस ना गो मला! ओरडलो असतो, रडलो असतो, पण तू घरात असतीस!”

दिशा रडू लागली. आबा तिच्याजवळ गेले नाहीत. ते मागल्या पडवीत गेले आणि बोटीच्या लाल रंगाचा डबा घेऊन आले. माझ्या चिरेभोवती त्यांनी जाड ब्रशने लाल वर्तुळ काढलं.

“बोट गळत असली, तर आपण खूण करतो. झाकत नाय. उद्या कोणाला ही उचलून न्यायचा मोह झाला, तर त्याला आधी हे दिसू दे.”

दिशा त्या दिवशी जुन्या लोखंडी सायकलवरून शर्यतीला गेली. आबा आसूदच्या उताराखाली पाण्याची बाटली घेऊन उभे होते. ती जवळजवळ शेवटी आली. लोक हसले. तिथेच आबांनी हसणाऱ्यांना सगळं सांगून टाकलं, कोणी विचारलं नसताना. “चांगली सायकल होती. मीच नारळ मारून फोडली.”

लोक बोलायचं ते बोललेच. अजूनही बोलतात. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

पुढे माझी चाकं, माझं हँडल, माझे गिअर काढून दिशाने नव्या फ्रेमवर चढवले. तीही माझ्याच मुलखातली, काळी आणि निनावी. तिच्या पूजेचा नारळ आबांनीच फोडला, पायरीच्या दगडी चिऱ्यावर. बकुळा म्हणाली, “आता तरी नेम धरा हो नीट!” तेव्हा आबासुद्धा हसले.

मला त्यांनी खुंटीला टांगलं ते भिंतीकडे तोंड करून नव्हे. लाल खूण रस्त्यावरून दिसावी, अशी. शाळेची मुलं जाता जाता विचारतात आणि आबा दर वेळी पहिल्यापासून सांगतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जपून वापरा, एवढं सांगून मी थांबले असते. पण घाव चुकूनही बसतो, प्रेमानेही बसतो. बसला, तर त्यावर झकास काहीतरी चिकटवू नका. ज्याच्या हातून बसला, त्यालाही सांगा. मला अंगठा दाबून पाहून खरं बोलणारा एकच माणूस हवा होता, आणि तो नेमका तोच होता, ज्याच्यापासून माझी चीर लपवली होती.