नळ न सोडता

"थांबा, ही बादली खाली ठेवते," असं म्हणून त्या बाईनं मी उघडलेल्या नळाखाली बादली सरकवली.

"बाई, हे नमुन्याचं पाणी नाही. हे सोडून द्यायचं असतं."

"तुम्ही सोडा. मी धरते."

मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. नळ तीन मिनिटं वाहू द्यायचा, बंद करून स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं त्याचं तोंड शेकायचं, पुन्हा उघडून निर्जंतुक बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. शहराच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं मी हेच करत आलो. खात्यात मला 'तीनमिनिटे' म्हणतात. म्हणणारे चिडवायला म्हणतात, पण मला ती पदवीच वाटायची. माझा एकही नमुना कधी परत आला नव्हता, सेवापुस्तकात एक लाल शेरा नव्हता आणि निवृत्तीला चार महिने उरले होते.

गल्लीतलं हे शेवटचं घर. बाई घरीच शिवणकाम करायची. मशीनपलीकडे खाटेवर तिची आठ वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वर्षभरात तिसऱ्यांदा तिचं पोट बिघडलं होतं आणि सलाईन लावून कालच तिला घरी आणलं होतं. बाईची तक्रारही तिसरी. आधीचे दोन्ही नमुने मीच नेले होते आणि दोन्ही वेळा अहवाल आला होता, 'पिण्यास योग्य'.

"आताही योग्यच येणार," बाई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात पाण्यानं झालं, तुम्ही म्हणता पाणी चांगलंय. मग माझी पोरगी काय नाटक करते?"

"तसं कोण म्हणतंय? कागदावर येतं ते मी सांगतो."

"कागद काय, कुणाचंही ऐकतो."

मला राग आला. सकाळी साडेपाचला घरातून निघालेल्या माणसाला हे ऐकायला लागू नये. मी बाटली भरली आणि काचेच्या नळीत थोडं पाणी धरलं. तेवढ्यात धार करंगळीएवढी झाली, नळ दोनदा खोकला आणि बंद पडला.

"एवढंच येतं?"

"सहा-सात मिनिटं. वरच्या घरांतल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे नुसता वारा."

वरच्या घरांत पाणी तासभर चालतं. तिथे पहिलं गढूळ पाणी कुणी पीत नाही, त्यानं अंगण धुतात. बाईनं मात्र बादलीवर झाकण ठेवलं आणि ती उचलून ओट्यावर नेली.

"ती कशाला?"

"प्यायला. आधी पिण्याचं भरायचं, उरलं तर धुण्याभांड्याला. उलटं करून कसं चालेल?" मग माझ्याकडे बघून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही जे ओतून देता ना, तेच आम्ही पितो."

मी खिशातली क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली काढली. माझ्या नमुन्यानंतर काचेच्या नळीत धरलेल्या पाण्यात थेंब टाकले, ते छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. बादलीतलं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले. काही झालं नाही. आणखी दोन टाकले. पाणी होतं तसंच राहिलं.

मला लाज वाटली. माझं काम चोख होतं, त्यात खोट नव्हती, आणि त्या चोख कामानंच दोन वेळा या पोरीला खोटं पाडलं होतं.

"उकळल्याशिवाय तिला थेंबभर देऊ नका," मी म्हणालो. "उद्या पाणी यायच्या आधी येतो. नळाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी दोन बाटल्या भरल्या. पहिली नळ न सोडता, पाणी आल्या आल्या. दुसरी नियमाप्रमाणे. दोन्ही घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण नियमाला माझ्याहून कडक. प्रत्येक नमुन्याच्या फॉर्मवर छापलेलं असतं, 'नळ तीन मिनिटे सोडून नमुना घेतला', आणि खाली आमची सही. पहिल्या बाटलीच्या फॉर्मवर मी ती ओळ खोडली होती.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. नळ न सोडता घेतलाय."

"मग हा मला तपासता येणार नाही. म्हणजे तपासला तरी नोंदवता येणार नाही आणि नोंदवला तर तुमच्यावर येईल." त्यांनी आवाज खाली आणला. "चार महिने राहिलेत. मी ही बाटली ओतून टाकते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल की."

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. मग पहिल्या बाटलीवर क्रमांक घातला.

दोन दिवसांनी निकाल आला. दुसरी बाटली स्वच्छ. पहिलीत गटारातले जंतू, मोजायची सोय नाही इतके. पाणी बंद झालं की जमिनीतली नळी रिकामी होते आणि कुठल्या तरी भोकातून गटार आत झिरपतं. पाणी सुटलं की ती घाण सगळ्यांत पुढे येते आणि मी तीन मिनिटं घड्याळ बघत तिला वाट करून देतो.

इंजिनीअर साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"तीनमिनिटे, हे तुम्ही केलंत? हा नमुना नियमाबाहेरचा आहे. मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

"द्या. पण आधी खड्डा खणा."

"खड्डा खणला म्हणजे नमुना खरा मानला. मग मेमो कशाचा?"

"दोन्ही द्या, साहेब. मला चालेल."

साहेब करवादले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी एकाच दमात दोन कागदांवर सह्या केल्या, एक मला आणि एक फिटरला.

शेवटच्या घराची नळी उघड्या गटाराखालून गेली होती. फिटरनं माती बाजूला केली आणि मला हाक मारली. "बघा, बोट जाईल यात." खरंच जात होतं. दोन दिवसांत गटारापासून लांबून, भिंतीच्या कडेनं नवी नळी टाकली. मी पुन्हा नळ न सोडता नमुना घेतला आणि अहवाल आला त्या दिवशी तो स्वतः घेऊन गेलो. असा अहवाल कुणी घरी नेऊन देत नाही.

मुलगी शाळेत गेली होती. बाईनं मशीन थांबवलं.

"कुठल्या पाण्याचा?"

"पहिल्या."

"वाचा ना मोठ्यानं."

मी वाचलं, 'पिण्यास योग्य'. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी न सांगताच वाचलं. ती म्हणाली, "बसा, काका." मी बसलो.

मेमोचा खुलासा सात दिवसांत द्यायचा होता. सहा दिवस मी 'सविनय सादर' याच्यापुढे गेलो नाही. बायको म्हणाली, "माफी मागून मोकळे व्हा ना, चार महिन्यांचा तर प्रश्न." सातव्या दिवशी आवक-जावकच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच लिहिलं: 'नळ न सोडता नमुना घेतला, ही चूक मला मान्य आहे. ती मी एकतीस वर्षं आधी करायला हवी होती.'

क्लार्कनं वाचलं. "काका, हे असंच पाठवू?"

"असंच."

लाल शेरा पडणार हे मला ठाऊक होतं. जिना उतरून प्रयोगशाळेत गेलो आणि मॅडमना म्हणालो, रिकाम्या बाटल्या हव्यात, शहरातल्या प्रत्येक गल्लीचं शेवटचं घर गाठायचंय, प्रत्येक ठिकाणी दोन लागतील. मॅडम रोज बाटल्या मोजून देतात आणि मोजून परत घेतात. त्या दिवशी त्यांनी मोजल्या नाहीत. अख्खी पेटीच माझ्यापुढे सरकवली.