शिट्ट्यांसमोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी अक्रोडाची खुर्ची आहे. इटलीतल्या पो नदीकाठच्या छोट्या गावातल्या ऑपेरागृहात, वादकांशेजारी माझी जागा. नवा ऑपेरा लागला की त्याच्या संगीतकाराने पहिले तीन प्रयोग सर्वांदेखत माझ्यावर बसून ऐकायचे, अशी आमची रीत होती. मग टाळ्या पडोत, नाहीतर शिट्ट्या. शिट्टी म्हणजे इथे शिवीच. पुष्कळ संगीतकारांना दुसऱ्याच दिवशी ताप भरायचा.

असाच एक संगीतकार, एर्मेते बाल्दाच्ची, हा किडकिडीत माणूस. त्याला मी टोचेन म्हणून बायकोने, ओर्सोलाने, हौसेने उशी शिवली. जांभळी. ती गिरणीवाल्याची लेक, तिला नाटकातलं काय ठाऊक? पडदा उघडला, गायिकेची नजर उशीवर गेली आणि सूर घशातच अडकला. मग शिट्ट्यांनी छत दणाणलं.

प्रयोगानंतर वाद्यवृंद चालवणारे तेओफिलो कपाळाला हात लावून म्हणाले, “वहिनी, घात केलात! ईस्टरआधीच्या उपवासात चर्चमध्ये जांभळे पडदे लागतात आणि आमच्या नाटकघरांना कुलूप. त्या रंगाने आमच्या चुली विझतात हो! एर्मेते, उद्या लोकांना सांगून टाक, बायकोच्या उशीने घोटाळा केला. हसतील आणि सोडून देतील. पुढच्या हंगामात ऑपेरा पुन्हा लावू, शब्द देतो.”

“सांगा की,” ओर्सोला म्हणाली. “माझं काय जातंय? चार बाया हसतील.”

“हसणार नाहीत. तुला अपशकुनी समजतील, तू दिसलीस की अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला हात लावतील, जन्मभर.” एर्मेतेने टोपी उचलली. “आणि तेओफिलो, माझा दुसरा अंक रटाळ होताच रे.”

उशी कुणाची, हे बाहेर कुणाला कळलं नाही. दुसऱ्या प्रयोगाला ती काढली, पण शिट्ट्या थांबल्या नाहीत. तिसऱ्याला तर शिट्ट्या मारणारेही फिरकले नाहीत. एर्मेते शेवटच्या सुरापर्यंत ताठ बसला. ओर्सोला वरच्या सज्जातून खाली आली. म्हणाली, “चला, घरी मक्याच्या पिठाचा पोलेंटा निवतोय.” तो ऑपेरा पुन्हा कधीच लागला नाही. त्याचे कागद उंदरांनी खाल्ले. संगीत चांगलं होतं का? मी लाकूड, मला काय कळणार?

आता माझा एक पाय डुगडुगतो. झाडूवाली माझ्यावर चढून दिवे पुसते. जमलं तर एक खिळा ठोका, एवढंच मागणं. आणि एक ऐका. आपलं काम फसलं की दोष द्यायला घरचं माणूस सगळ्यांत आधी हाताशी सापडतं. मित्रांनो, तेव्हा एर्मेतेसारखे जागचे हलू नका.